रात्री दोनचा वारा: बेटांच्या आडोशाला नांगर टाकून मुक्काम करणाऱ्या नवख्यांसाठी

बेटांमधून होडीने भटकायला निघालेला नवखा माणूस सगळी तयारी चालण्याची करतो. शिडं कशी उभारायची, इंजिन कसं सांभाळायचं, कुठल्या दोन बेटांमधून वाट आहे, हे तो पाठ करून येतो. थांबायचं कसं, हे मात्र ‘तिथे पोचल्यावर बघू’ म्हणून सोडून देतो. दिवसा होडीवर कुणीतरी जागं असतं, चूक झाली तर दिसते आणि सुधारता येते. रात्री सगळे झोपलेले असतात आणि होडी एका साखळीच्या भरवशावर उभी असते. म्हणून या लेखाचा भर मुक्कामावर आहे.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. जागा निवडताना, साखळी मोजताना, शेजारची होडी किती लांब आहे हे बघताना प्रत्येक वेळी विचारा, की रात्री दोन वाजता इथे काय असेल? संध्याकाळी पाचला दिसणारं पाणी, वारा आणि अंतर यांतलं काहीच रात्री दोनला तसं राहत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

१. निघण्याआधी

पहिल्या सहलीला दिवसाकाठी १५ ते २० सागरी मैलांहून मोठा बेत आखू नका. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल, वेगाने जाणाऱ्या होडीला २० मैलांना चार तास लागतात, आणि वारा किंवा प्रवाह उलटा असेल तर सहाही लागतील. सूर्यास्ताच्या किमान दोन-तीन तास आधी पोचायचं, हे धरून निघण्याची वेळ ठरवा. इतका वेळ यासाठी, की पहिली जागा पसंत पडली नाही तर दुसरी गाठायला उजेड हवा.

त्यासाठी मुक्कामाची एकच जागा ठरवून निघू नका. नकाशावर तीन हेरून ठेवा. एक मनातली, दुसरी वारा फिरला तर बेटाच्या पलीकडच्या अंगाची, आणि तिसरी अशी की जिथे काहीही झालं तरी शिरता येईल, मग ती थोडी लांब का असेना.

इंधनाचा जुना हिशेब आजही चांगला आहे: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश हात न लावण्यासाठी. कुठे जाणार, होडीवर किती जण आहेत आणि कधीपर्यंत खबर आली नाही तर शोध सुरू करायचा, हे किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवा.

२. नांगर आणि साखळी आधी ओळखून घ्या

होडी भाड्याची असो वा स्वतःची, निघण्याआधी साखळीचा डबा उघडा. नांगर कोणत्या प्रकारचा आहे, साखळी किती मीटर आहे, तिला पुढे दोर जोडला आहे का, हे डोळ्यांनी बघा. साखळीवर दर १० मीटरला रंगाची खूण नसेल तर ती करून घ्या. अंधारात अंदाजाने सोडलेली साखळी नेहमी कमीच भरते. साखळीचं शेवटचं टोक होडीला कशाने बांधलंय तेही तपासा. ते लोखंडी कडीने जखडलेलं नसावं. डेकवर येण्याइतक्या लांब दोराने बांधलेलं असावं, म्हणजे जिवावर बेतलं तर सुरीने तो दोर कापून निघता येतं.

नांगराचे प्रकार पुष्कळ आहेत. नांगरटीच्या फाळासारखा दिसणारा नांगर जेफ्री इंग्रॅम टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ साली काढला. तो स्वतः शिडाच्या होडीतून फिरायचा, आणि वजनाला हलका पण जमिनीत रुतून बसणारा नांगर त्याला हवा होता. दोन चपटी पाती असलेला डॅनफोर्थ वाळूत आणि चिखलात घट्ट बसतो. मात्र ओढ अचानक उलट्या दिशेने आली तर तो निसटण्याचा धोका असतो, आणि गवताळ तळावर तो घसरत जातो. अलीकडच्या खोलगट पात्याच्या काही नांगरांना वरून एक गोल दांडा असतो. ते पडल्यावर आपोआप सरळ होतात आणि पटकन रुततात. विकत घ्यायचा असेल तर नवख्याने हाच घ्यावा, आणि कंपनीच्या तक्त्यात आपल्या होडीपुढे लिहिलेल्या मापापेक्षा एक माप मोठा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. जागा निवडणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. नांगर कितीही चांगला असला तरी वाईट जागेचं तो चांगलं करू शकत नाही.

पहिला विचार वाऱ्याचा. वारा बेटाच्या जमिनीवरून तुमच्याकडे येत असेल तर तुम्ही आडोशाला आहात. नांगर सुटलाच तर होडी मोकळ्या पाण्याकडे जाते आणि सावरायला वेळ मिळतो. वारा पाण्यावरून येऊन तुम्हाला किनाऱ्याकडे रेटत असेल तर नांगर सुटल्यावर मागे खडकच असतात. दुसऱ्या प्रकारच्या जागी रात्र काढू नका, वारा कितीही मंद असला तरी.

आता दोन वाजताचा प्रश्न विचारा. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटून जमिनीकडून समुद्राकडे येतो, ते मतलई वारे. मोठ्या भूभागाजवळच्या बेटांवर हे रोज घडू शकतं. मुख्य किनाऱ्याकडे तोंड असलेली खाडी दुपारी आडोशाची वाटते आणि पहाटे तिच्यातच वारा शिरतो. हवामानाचा अंदाज वाचताना म्हणूनच पुढच्या बारा तासांत वारा कुठून कुठे फिरणार हे आधी बघायचं, वेग नंतर.

डोंगराळ बेटांचा आणखी एक स्वभाव आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी गाढ शांतता असेल असं वाटतं, पण वारा माथा ओलांडून खाली कोसळतो आणि झटक्यांनी येतो. दोन टेकड्यांमधल्या खिंडीसमोर तर तो चिंचोळ्या वाटेतून जोर धरून बाहेर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा त्याचा दाब चौपट होतो, म्हणून १० नॉटच्या वाऱ्यात निवांत असलेला नांगर २० नॉटच्या झटक्यात चौपट ओढ खातो. उंच कड्याच्या कुशीपेक्षा झाडं असलेल्या सखल उताराचा आडोसा कित्येकदा बरा पडतो.

यानंतर लाटा. लांबच्या वादळातून आलेल्या संथ, लांब लाटा वाऱ्यासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. उथळ पाण्यात त्यांचा वेग कमी होतो, त्या वळतात आणि बेटाच्या टोकाला वळसा घालून मागच्या बाजूला शिरतात. बेट लहान आणि गोलसर असेल तर दोन्ही बाजूंनी आलेल्या लाटा मागे एकमेकींना भेटतात. वारा अजिबात नसलेल्या ठिकाणी होडी रात्रभर दोन्ही अंगांवर लोळते ती याच कारणाने. किनाऱ्याकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहा. वाळूवर फेसाची पट्टी थांबून थांबून उठत असेल तर लाट आत येते आहे. खडकांवरचा पांढरा फेसही हेच सांगतो.

तिसरी गोष्ट तळाची. वाळू, चिखल आणि चिकणमाती नांगराला धरून ठेवतात. खडकावर तो एक तर धरत नाही, नाहीतर फटीत असा अडकतो की सुटत नाही. गवत आणि शेवाळाच्या थरावर नांगर वरवर बसतो आणि धरल्याचा भास होतो. सागरी नकाशावर तळाचा प्रकार अक्षरांनी दिलेला असतो, तो वाचायला शिका. पूर्वी खलाशी शिशाच्या वजनाच्या बुडाला असलेल्या खळग्यात चरबी भरून ते खाली सोडत. चरबीला काय चिकटून येतं त्यावरून तळ कळायचा. ही युक्ती आजही चालते.

पाणी नितळ असेल तर डोळ्यांनी बघा. सूर्य वर आणि तुमच्या पाठीमागे असताना, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल लावून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभं राहिलं की पाण्याचा रंग बोलतो. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे खडक किंवा प्रवाळ. प्रवाळावर नांगर कधीही टाकायचा नाही. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांच्या वसाहतींनी बांधलेला असतो आणि बरेच प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतकेच वाढतात. एका रात्रीत साखळीने घासून मोडलेला तुकडा भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जाऊ शकतं. समुद्री गवताच्या कुरणांचंही तसंच. तिथे माशांची पिल्लं वाढतात. वाळूचा मोकळा पट्टा सापडेपर्यंत फिरा. जवळ होडी बांधायला अधिकृत बोया (तळाशी जखडलेला तरंगता गोळा) असेल तर तो वापरा, पण त्याची देखभाल कोण करतं हे कळल्याशिवाय कुठल्याही तरंगत्या गोळ्यावर रात्रीचा भरवसा टाकू नका.

आणि शेवटचं: इथून अंधारात बाहेर पडता येईल का? खडकांमधून नागमोडी वाट काढत शिरावं लागणारी खाडी पहिल्या वर्षात नकोच. आत शिरताना जीपीएसच्या यंत्रावर आपला मार्ग नोंदवून ठेवा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर त्याच रेषेवरून परत जाता येतं.

४. भरतीचा हिशेब आणि साखळीची लांबी

बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. चढउतार सारख्या गतीने होत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असं पाणी हलतं. अंदाज बांधायला हे पुरेसं आहे, पण त्या ठिकाणचा भरती-ओहोटीचा तक्ता हाताशी हवाच.

आता हिशेब. समजा पोचलात तेव्हा पाणी ४ मीटर आहे. तक्ता सांगतो की अजून २ मीटर चढणार. नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. ४ + २ + १ = ७ मीटर. सगळी साखळी असेल तर शांत हवेत याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर सोडा. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, म्हणजे ४९ मीटर. जोराचा वारा येणार असेल तर आणखी, जागा असेल तितकी. नुसते ४ मीटर धरून २० मीटर सोडलीत, तर रात्रीच्या भरतीत ती तिपटीहूनही कमी ठरते.

पट कशासाठी, हे समजलं की आकडे लक्षात राहतात. नांगर तळाशी आडवा ओढला गेला तर आणखी रुततो आणि वर ओढला गेला तर उपटतो. ताणलेली सातपट लांबी तळाशी साधारण ८ अंशांचा कोन करते, तिपटीला तो १९ अंशांच्या वर जातो. साखळीचं वजन हा कोन आणखी कमी ठेवतं, पण जोराच्या वाऱ्यात साखळी सरळ ताणली जाते आणि तेव्हा फक्त लांबी उपयोगी पडते.

उलटा हिशेबही करा: ओहोटीला किती पाणी उरणार? आत्ताच्या ४ मीटरमधून दीड मीटर उतरणार असेल तर अडीच उरतं. कील, म्हणजे होडीच्या बुडाचा पाण्यात उतरलेला कणा, १.८ मीटर खोल असेल तर खाली फक्त ७० सेंटिमीटर, आणि एवढ्याशा अंतरात लाटेच्या खोलगट भागातही होडी टेकू शकते. खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की कीलखालून, हे आधी माहीत करून घ्या. कित्येक जण ते गृहीत धरतात.

५. नांगर टाकताना

बोलण्यापेक्षा हाताच्या खुणा ठरवा. पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे एवढ्या पाच पुरतात. इंजिनाच्या आवाजात नाळेवरून मारलेल्या हाका सुकाणूपर्यंत पोचत नाहीत आणि दोघंही चिडतात.

आधी निवडलेल्या जागेभोवती सावकाश एक फेरी मारा आणि खोली बघत राहा. होडी वाऱ्याने नांगराभोवती फिरणार. ३५ मीटर साखळी आणि १० मीटरची होडी म्हणजे ४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. त्या पूर्ण वर्तुळात पुरेसं पाणी हवं. वारा उलटला तर तुम्ही आत्ताच्या जागेपासून ९० मीटर पलीकडे असाल, किनाऱ्याच्या बाजूला. शेजारी होडी असेल तर तिच्याही वर्तुळाचा विचार करा. आधी आलेल्याचा हक्क आधी, हा जगभरचा शिरस्ता आहे. किती साखळी सोडलीय हे त्यांना विचारायला संकोच करू नका. सगळी साखळी असलेली जड होडी आणि दोरावरची हलकी होडी एकाच वाऱ्यात वेगवेगळ्या फिरतात.

मग नाळ वाऱ्याकडे करून सावकाश पुढे या. होडी पूर्ण थांबून मागे सरकायला लागली की नांगर हळूहळू तळाला टेकवा. फेकू नका. मागे जाताना साखळी पसरत सोडा, नांगरावर तिचा ढीग पडू देऊ नका. ठरलेल्या लांबीच्या निम्मी सुटली की जराशी थोपवून नांगराला तोंड वळवू द्या, मग उरलेली सोडा.

साखळी तशीच विंडलासवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या रहाटावर, ताणून ठेवू नका. ते यंत्र ओढण्यासाठी असतं, रात्रभर भार धरण्यासाठी नसतं. एक नायलॉनचा दोर हुकाने साखळीला जोडा आणि होडीच्या भक्कम खुंट्याला बांधून ताण त्याच्यावर घ्या. नायलॉन लवचीक असतं, धक्के शोषतं आणि साखळीचा खडखडाटही बंद होतो.

६. नांगर धरला का?

साखळी ताणली गेली की इंजिन रिव्हर्सला टाका. आधी मंद, मग वाढवत निम्म्या ताकदीपर्यंत, आणि अर्धा मिनिट तसंच धरा. एकाने नाळेवर साखळीला हात लावून बघावं. धरलेल्या नांगराची साखळी ताठ आणि शांत असते. सरकत असेल तर हाताला थरथर आणि ठोके जाणवतात. त्याच वेळी बाजूला किनाऱ्यावरच्या एका रेषेतल्या दोन खुणा बघा, म्हणजे पुढे खडक आणि त्यामागे झाड. खुणा रेषेत राहिल्या तर तुम्ही जागच्या जागी आहात.

धरला नाही तर उचला आणि पुन्हा टाका. तिसऱ्यांदाही धरला नाही तर जागा बदला. नितळ आणि उबदार पाणी असेल तर पोहण्याचा गॉगल लावून पाण्यात उतरा आणि नांगर डोळ्यांनी बघून या. याहून खात्रीचा उपाय नाही. त्यानंतर अर्धा तास होडीवरून कुणीही उतरायचं नाही.

७. रात्र

टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या होडीने दिवसा पुढच्या भागात काळा गोळा आणि रात्री चोहीकडून दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो. ७ मीटरपेक्षा लहान होडीला ये-जा असलेल्या वाटांपासून दूर असेल तर सूट आहे, पण दिवा तरीही लावाच. एलईडी दिव्याला वीज नगण्य लागते. इंजिन सुरू करायची बॅटरी मात्र दिवे आणि फ्रिजपासून वेगळी ठेवा. दोन वाजता निघायची वेळ आली आणि इंजिन फिरलंच नाही, तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

मोबाइलवर किंवा जीपीएसवर नांगराचा अलार्म लावा. त्याचा मध्य नांगराच्या जागेवर हवा, होडीच्या नव्हे, आणि त्रिज्या साखळी व होडीच्या लांबीपेक्षा थोडी जास्त ठेवा. फार लहान ठेवली तर तो सारखा वाजतो, माणूस वैतागून बंद करतो. वारा फिरण्याच्या आणि भरती उलटण्याच्या वेळेला उठून एक नजर टाका. जोराचा वारा अपेक्षित असेल तर आळीपाळीने पहारा ठेवा.

झोपण्याआधी डेक मोकळं करा, इंजिनाची किल्ली जागेवर, टॉर्च हाताशी. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, वर उचलून घ्या किंवा दोन दोरांनी बांधा. रात्री डिंगीतून ये-जा करताना लाइफ जॅकेट अंगावर हवं. अंतर कमी आहे म्हणून ते टाळू नका. स्वयंपाकाच्या गॅसचा झडप सिलिंडरपाशी बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा हीटर पेटता ठेवून झोपू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. या वायूला वास नसतो.

८. अलार्म वाजला तर

आधी बाहेर या आणि खुणा बघा. होडी नुसती फिरली असेल, सरकली नसेल. सरकत असेल आणि मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडा. पुष्कळदा एवढ्यानेच नांगर पुन्हा धरतो. मागे जागा नसेल तर इंजिन चालू करून वाऱ्याकडे हळू पुढे जात ओढ कमी करा, दुसऱ्याने नांगर उचलावा. अंधारात त्याच खाडीत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसण्यापेक्षा नोंदवलेल्या मार्गावरून बाहेर मोकळ्या पाण्यात जाऊन उजाडेपर्यंत थांबणं कित्येकदा शहाणपणाचं असतं. नांगर उचलायलाही वेळ नसेल तर साखळीच्या टोकाला बोया बांधा, दोर कापा आणि निघा.

जीव धोक्यात असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर तीनदा ‘मेडे’, होडीचं नाव, ठिकाण, काय झालं आणि किती माणसं आहेत, या क्रमाने सांगा. धोका तितका तातडीचा नसेल पण मदत हवी असेल तर ‘पॅन-पॅन’. हे शब्द रेडिओशेजारी कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे होडीवरच्या कुणालाही वाचता येतील.

९. सकाळी निघताना

इंजिनाने नांगराकडे सावकाश पुढे जात साखळी आत घ्या. विंडलासने होडी ओढू नका, ढिली पडलेली साखळीच त्याने गोळा करायची. साखळी सरळ उभी झाली की क्षणभर अडकवून थांबा. लाटेची उसळीच नांगर सैल करते. अडकला असेल तर साखळी सोडून ज्या दिशेने तो रुतला होता त्याच्या उलट दिशेने हळू ओढून बघा. खडकाळ तळाची शंका आधीच असेल तर टाकतानाच नांगराच्या पुढच्या टोकाला वेगळा दोर आणि छोटा बोया बांधावा. तो दोर ओढला की नांगर उलटा निघतो.

चिखल डब्यात जाण्याआधी साखळी धुऊन घ्या. नांगर जागेवर पक्का बांधा, लाटेत तो सुटला तर नाळ फोडतो. वहीत त्या जागेची नोंद करा: तळ कसा होता, किती साखळी सोडली, रात्री वारा कुठून कुठे फिरला, लाट कोणत्या टोकाकडून आत आली.